आधी मासा

ती. आई, सुनेचा वाकून नमस्कार.

अक्षर माझं आहे म्हणून घाबरू नका, ह्यांच्या हाताची जखम भरतेय. बोटीवरच्या पाहुण्याने हौसेखातर गळाने मोठा मासा धरला होता. त्याचे दात अगदी कुत्र्यासारखे. फोटो काढून तो सोडून देतात. सोडताना ह्यांच्या उजव्या हाताला चावला. हे कळवळले, तर पाहुणा ओरडला, "आधी मासा सोड! पोहायचा थांबला की गुदमरतो तो."

देवाने त्याला तसंच घडवलंय म्हणे. माशावर केवढी ती दया!

हे कालपासून पुन्हा बोटीवर जातात, डाव्या हाताने सुकाणू धरतात. मी रागावले, तर म्हणतात, "मी तरी थांबून कसं चालेल?"

तुमचा गुडघा कसा आहे? देवापुढे दिवा लावा, तेलाचा पुरे.

सोबतचा फोटो जपा. शेपटी धरलेला उजवा हात ह्यांचाच आहे. त्यात पाचही बोटं दिसतात.

तुमची,
सून