होईस्तोवर बोलायचं नाही

१ जुलै २०२०, फोरबर्ग
बाळंत होऊन सव्वा महिना झाला नाही अजून, लेक मनी लॅपटॉपपुढं. जूनची परीक्षा बाळंतपणात बुडाली, दोन विषय राहिले. ते आता दुसऱ्याच, ब्रेडा गावच्या कॉलेजात उन्हाळी वर्गात करणार, घरबसल्याच. ते मार्क तिच्या कॉलेजानं धरले तर दुसरं वर्ष. नाहीतर नाव कमी.
म्हटलं, ओल्या बाळंतिणीनं डोळ्याला ताण देऊ नये. "आई, प्लीज." झालं. मी सातवीत शाळा सोडलेली. काय बोलणार.

१३ जुलै
विमानं बंदच. मार्चला लेकीच्या बाळंतपणाला परदेशी आले ती इथंच.
तिकडं मास्तर बोलतोय, इकडं बाळी टाहो फोडतेय. मनी पोरीची आई आहे हे कॉलेजात कुणालाच ठाऊक नाही. आधी पोटावर जाड कोट, मग सगळे वर्ग कॅमेऱ्यावर. गळ्यापर्यंतच दिसतं. मीच म्हटलं होतं, होईस्तोवर बोलायचं नाही. पोटाचंही नाही, परीक्षेचंही नाही. ब्रेडाचंही तेच. पास हो, मग सांग.
जावई हसतात. "आई, इथं नजर लागत नाही."
"मग दाराला मिरच्या कशाला बांधू दिल्यात?"

७ ऑगस्ट
परीक्षा. कॅमेरा चालू, खोलीत कुणी जायचं नाही म्हणे. बाळीनं बाटली थुंकली. खाली नेली, पाण्याकाठी फिरवली, बदकं दाखवली. काळीनिळी झाली रडून. पाजायला माझ्याकडं आता काय...
मनी बाहेर आली तर पुढनं गाऊन सगळा भिजलेला. कॅमेऱ्यात गळ्यापर्यंतच.

१९ ऑगस्ट
पास! दोन्ही! देवापुढं साखर ठेवली. म्हटलं, आता खुशाल सांग.

२५ ऑगस्ट
मनीच्या कॉलेजच्या बाई लॅपटॉपवर. गोड बोलत होत्या, पण मनीचं तोंड उतरत गेलं. जावयांनी मला अर्थ सांगितला. दुसरीकडं वर्ग करायचा तर आधी विचारायचं असतं. करून झाल्यावर नाही. आता कमिटी ठरवणार, धरायचे का नाही.
बाईंनी विचारलं, जूनला का नाही बसलीस? मनीनं बाळी उचलून दाखवली. बाई आधी हसल्या. मग म्हणाल्या, "पोटुशी होतीस तेव्हाच का नाही बोललीस? मुदत दिली असती. या वर्गांची गरजच नव्हती."
मनीनं माझ्याकडं बघितलं. चार शब्द बोलली असती तर बरं.

२७ ऑगस्ट
"लिही त्यांना, आईनं गप्प बसवलं. माझं नाव घाल."
"आई, तसं लिहीत नाहीत गं."
कसं लिहितात मग? मला येत असतं तर मीच लिहिलं असतं. भाकरी थापल्या. कुणी खाल्ल्या नाहीत.

३१ ऑगस्ट
कमिटी सुट्टीवर. पुढच्या आठवड्यात बसणार. विमानं सुरू झाली, माझं परवा. मागं काय होईल ते फोनवर ऐकायचं.
दुपारी कराडहून थोरल्या अक्काचा फोन. "मनीच्या परीक्षेचं काय?" 'काही नाही, मजेत' असं अगदी ओठावर आलं. मनी समोरच बाळीला पाजत होती. म्हटलं, थांब, सांगते. सगळं सांगितलं. वर्ग, पोट, कमिटी, माझं गप्प बसवणं. काही ठेवलं नाही.
अक्का म्हणाली, "अगं, लागू दे की निकाल. आधीच कशाला सांगितलंस?"