चाकं टेकली नाहीत

फ्लाइंग क्लबचं हॉस्टेल
६ जानेवारी २०२५

ती. बाबांना सप्रेम जयभीम,

वि. वि. फोनवर आपले दोघांचेही आवाज चढतात, म्हणून पत्र. इथल्या विमानतळाने दिवाळीपर्यंतच्या सरावाचं माझ्या नावावर बावीस हजारांचं बिल पाठवलंय. उतरण्याचा सराव म्हणजे विमान धावपट्टीपर्यंत खाली आणायचं आणि चाकं टेकायच्या आत परत वर न्यायचं. अशा प्रत्येक फेरीला त्यांनी उतरण्याची पूर्ण फी लावलीय, हजार रुपये. खासगी लायसन्सवाले आम्ही सगळेच कुरकुरतो, तक्रार मात्र कोणी करत नाही. बिल मिटेपर्यंत क्लब मला विमान देणार नाही, आणि पुढच्या लायसन्सची परीक्षा वीस फेब्रुवारीला आहे.

आमचे अनिलकुमार सर म्हणाले, की मुकाट्याने भरून टाक, उगाच उकरू नकोस. सर फार चांगले आहेत. रविवारची सुट्टी मोडून मला शिकवतात आणि त्याचा एक पैसा घेत नाहीत.

आईला बिलाचं सांगू नका. तिचे गुडघे कसे आहेत?

माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
बुद्धप्रिया


जुळे सोलापूर
१४ जानेवारी २०२५

चि. बुद्धप्रियास बाबांचा जयभीम व आशीर्वाद,

तुझं पत्र आईनेच आधी फोडलं, तेव्हा लपवाछपवीचा प्रश्न मिटला. तुझ्या मातोश्री मीनाबाईंचं म्हणणं, की पोरगी आभाळात गेली तरी बिल खाली घरीच येतंय की. गुडघे तसेच आहेत, तोंड ठणठणीत आहे.

मुकाट्याने का म्हणून भरायचं? एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली मी. गाडी थांब्यापाशी हळू झाली, दार उघडलं नाही, कोणी चढलं-उतरलं नाही, तर तिकीट कुणाचं फाडायचं? हेच मी विमानतळाच्या साहेबांना तीन पानी अर्जात विचारलंय. दिवाळीत तुझ्या उड्डाणांच्या नोंदवहीची, त्या लॉगबुकाची, कौतुकाने झेरॉक्स काढून ठेवली होती, ती पुरावा म्हणून जोडली. त्यांचा तर आकडाही चुकलाय. ते बावीस फेऱ्या म्हणतात, वहीत एकोणचाळीस आहेत. तेही मी ठळक लिहिलं. चेकर चढायच्या आधी आपणच वे-बिलावर विकलेल्या तिकिटांचा खरा आकडा टाकावा, मग कोणाला बोट दाखवायला जागा राहत नाही. अर्ज पोचपावतीसह रवाना झालाय.

जेवत जा. आम्हा म्हाताऱ्यांवर लोभ असू दे.

तुझा बाप,
धोंडिराम


फ्लाइंग क्लबचं हॉस्टेल
२ मार्च २०२५

ती. बाबांना जयभीम,

तुमचा अर्ज मंजूर झाला. बिल रद्द झालं, आणि यापुढे चाकं न टेकलेल्या फेरीला कोणालाच फी नाही. खरं तर मुलांनी माझ्याकडे पेढे मागायला हवे होते. मेसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसत नाही.

जास्तीच्या सतरा फेऱ्या कुठल्या, असं साहेबांनी विचारलं. त्या रविवारच्या होत्या. माझं बिल वाढू नये म्हणून सरांनी विमानतळावर फेऱ्या नोंदणाऱ्या टॉवरवाल्याच्या हातापाया पडून त्या नोंदू दिल्या नव्हत्या. टॉवरवाल्याची बदली झाली. सरांची शिकवण्याची परवानगी काढून घेतली. मुलीची दहावी चालू आहे म्हणून बायको-मुलीला इथेच ठेवून ते एकटे गावी गेलेत.

मी परीक्षा पास झाले. कळवायला सरांना फोन केला. त्यांनी अभिनंदन केलं. वडिलांचा मुद्दा अगदी बरोबर होता, असंही म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाबा, तुम्ही जन्मभर खरं लिहिलंत ते स्वतःची नोकरी पणाला लावून. या वेळी सरांची नोकरी पणाला लागली. अर्ज टाकण्याआधी तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं. माझीही चूक आहे. सर भरून टाक का म्हणत होते, ते मला ठाऊक होतं आणि मी तुम्हाला लिहिलं नाही.

आई गल्लीत पेढे वाटत असेल तर वाटू दे, तिला यातलं काही सांगू नका. तुम्ही मात्र इतक्यात भेटायला येऊ नका. आणि या खेपेला लोभ मागू नका. तो आहे, पण आत्ता माझ्याच्याने देववत नाही.

बुद्धप्रिया