जुन्या तेवढ्या काढल्या

८ मार्च १९८४, गुरुवार
वसंतभाऊजी पुन्हा आले. धाकटा दीर, म्हणून चहा द्यावा लागतो. सीताबर्डीवर ट्रॅव्हल्सचं दुकान टाकल्यापासून बोलणं अर्धं इंग्रजीत. नवं खूळ असं: विलायतेचे पाहुणे येणार, आधी आपल्या जंगलाची सेवा करणार, मग जिपा, पचमढीला दोर लावून कडे चढणं, नदीत नावा. अर्धी सेवा, अर्धा थरार, एकाच तिकिटात. आणि कामही तेच करणार नि पैसेही तेच भरणार म्हणे. पैसे देऊन झाडूच मारायचा असेल तर आमच्या गल्लीत या म्हणावं.

व.ला मी हवी आहे. इंग्रजी शिकवते म्हणून नव्हे, पाहुण्यांचा तळ आंबाटोल्यात टाकायचाय म्हणून. पारशिवनीच्या पुढचं गाव, माझ्या मावशीचं. "वहिनी, तुमच्या शब्दावर गाव जागा देईल." हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जा की. तेवढीच हवा पालटेल." दोघं भाऊ सारखेच.

११ मार्च, रवि.
जाऊन आले. मावशीच्या ओसरीवर सगळे जमले होते. व. भाषण ठोकायला लागला तेव्हा त्याला गप्प केलं आणि मीच बोलले.

मावशी म्हणाली, "जंगल बिमार पडलं का वं सुमे, सेवा कराले येऊन राहिले ते? यायच्या घरी कचरा नाही का?"
सगळे हसले. मीही. म्हटलं, दहा-बारा दिवसांचं काम, पाणवठ्याचा गाळ काढतील, रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं उपटतील, गुरांनाही बरं.
"तू म्हन्तेस तं येऊ दे. पन तुह्या भरवशावर हं." हे सगळ्यांच्या देखत म्हणाली. पुन्हा दोनदा म्हणाली.

मोहाची फुलं या आठवड्यात टपकायला लागतील. धुळवडीनंतर गाव ती वेचायला जंगलात जाणार. मावशीचं वर्षाचं मीठ-मिरची, कापड, सगळं त्यावर. तिची टोपली धुऊन उन्हात ठेवलेली होती.

१३ मार्च, मंगळ.
शाळेतून रजा. आले एकदाचे. म्होरक्या मार्टिन, उंच, दुपारपर्यंत टोमॅटो झाला. एक हेलन, साठीची, निवृत्त नर्स, सारखी सगळ्यांना सॉरी म्हणते. बाकीचे तरुण, बूट बघावेत.

जंगलाच्या तोंडाशी चिंधीदेवाचं झाड. मला त्याचं काय कौतुक, लहानपणापासून बघते. खाली शेंदराचा दगड, वर बुंध्यापासून फांद्यांपर्यंत चिंध्या. मोहाला आत जाणाऱ्यानं आपल्या अंगावरच्या कपड्याची चिंधी फाडून बांधायची, तेव्हाच पुढं जायचं. ज्याचं माणूस जंगलात मेलं, त्यानं त्या माणसाच्या कपड्याची बांधायची. मावसाजींना मोहाखाली अस्वलानं मारलं. तेव्हापासून दर वर्षी मोहाच्या पहिल्या दिवशी मावशी त्यांच्या धोतराची पट्टी बांधते, मग टोपली उचलते. एकच धोतर, बोटभर रुंदीच्या पट्ट्या. खालच्या आता जाळ्यासारख्या झाल्यात.

मार्टिनला नीट सांगितलं. हा गावाचा देव आहे, हात लावायचा नाही. तो म्हणाला, "ब्यूटिफुल," आणि फोटो काढला. सगळ्यांनीच काढले.

१६ मार्च, शुक्र.
तीन दिवस बघतेय. एक झुडूप उपटायचं, चौघांनी, मग त्याच्याबरोबर फोटो. गाळ खरंच काढला, ते नाकारत नाही. पण मार्टिन दर तासाला विचारतो, थरार सुरू व्हायच्या आधी वाघ दिसेल का. जसा काही वाघ व.च्या दुकानात कामाला आहे.

एका पोरानं विचारलं, ही माणसं जंगलातून फुलं उचलतात, मग अस्वलांनी काय खायचं? मी म्हटलं, अस्वलांना काळजी नको, ती माणूस खातात. व.नं डोळे वटारले. वटारू दे.

उद्या होळी. घरी पुरण घालायचंय, हे पुरणपोळीशिवाय होळी मानत नाहीत. निघाले. मावशी म्हणाली, "सोमवारी पहाटे आत जातो आमी. तू ये, मोहाची पोयी खाऊ घालतो."

१९ मार्च, सोम.
सकाळी व. दारात. तोंड हसरं. "वहिनी, गावात जरासा गैरसमज झालाय." जिपेत बसवलं. रस्ताभर सांगेना.

झाड बघितलं.

बुंधा उघडा. खालच्या फांद्या उघड्या. वर लाल-पिवळ्या चार-दोन चिंध्या, नव्या, फडफडत होत्या. दगडाला धक्का नाही, उलट पुसून स्वच्छ केलेला. त्यावर फूल ठेवलेलं.

मार्टिनला वाटत होतं मी शाबासकी देईन. सावकाश समजावत होता, मी जणू नववीतली मुलगी. देवाला धक्का लावला नाही. सुंदर होत्या त्या ठेवल्या. फक्त जुन्या, कुजक्या तेवढ्या काढल्या, कारण वानराच्या पिलाचा पाय अडकतो, हरणं चघळतात, पोटात गोळा होतो. सहा जण शिडी लावून शनिवारी दिवसभर, गाव होळीच्या गडबडीत होतं तेव्हा. मन लावून केलं म्हणे. त्याचंच मला जास्त... मन लावून.

विचारलं, कुठे आहेत?
मार्टिननं व.कडे बघितलं. व. म्हणाला, "वहिनी, तळावर यांना होळी दाखवली ना. होळीत जुनं जाळतातच की आपण."

मी त्याला काय बोलले ते इथे लिहिणार नाही. जिपेचा ड्रायव्हर ऐकत होता, पुरे.

मावशी झाडाखाली बसलेली. टोपली उपडी. मी गेले तरी उठली नाही.
"माह्या माणसाच्या चिंध्या कुठी गेल्या वं?"
सांगितलं. होळीत.
"दुसऱ्यांदा जाळलं म्हना त्याले."
एवढंच. रडली असती तर बरं झालं असतं.

२० मार्च
रात्री तिथेच राहिले. मावशीनं वाढलं. सकाळी गाव बसलं. शिव्या नाहीत, आरडाओरड नाही. पाटील म्हणाला, "कोनी आत जाऊन नाही राहिलं. झाड उघडं हाये तं जाव कसं?" मोह तर टपकतोय. वास गावापर्यंत येतो.

मी म्हटलं, आपण सगळे मिळून पुन्हा बांधू. एक म्हातारा म्हणाला, "बाई, माह्या पोराचा सदरा तं त्यातच होता. आता कायचं बांधू?" नागपूरला परत.

२२ मार्च, गुरु.
पुन्हा आंबाटोला. व.ला उपाय सुचला. अर्थातच. गांधीबागेतून नव्या कापडाचा गठ्ठा आणला, पाच रंगांत. शिंप्याकडून पट्ट्या कापून घेतल्या, सगळ्या सारख्या, कडांना शिलाईसुद्धा. उसवू नयेत म्हणून! पाहुण्यांनी हसतखेळत सगळं झाड भरून काढलं. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला असं मंडप सजवतात.

माझे वडील आयुष्यभर मागावर बसले. कोष्ट्याची पोर मी, नव्या कापडाचा वास मला आवडतो. आज नाकाला पदर लावला.

गावातली माणसं येऊन उभी राहिली. मग गेली. मार्टिननं विचारलं, आता खूश आहेत ना?
मी मावशीला विचारलं, काय सांगू याला?
"सांग का चांगलं दिसते. पन हे कोनाचंच नाही. कोनी घातलं नाही ते."
शब्दाला शब्द सांगितलं. तो म्हणाला, प्रयत्न तर केला आपण. उद्या सकाळी निघायचंय, वेळापत्रक ठरलेलं आहे.
बरोबर आहे. सेवा संपली, थरार सुरू.

२३ मार्च, शुक्र.
गेले. जिपांवर दोर, टोप्या, गाणी. जाताना मार्टिननं माझा हात हातात घेऊन सांगितलं की हे दिवस तो विसरणार नाही. मीही नाही, म्हटलं. त्याला ते गोड वाटलं.

हेलन मात्र जिपेत बसेना. झाडाशी गेली आणि गळ्यातला जुना रुमाल दातानं फाडायला लागली. फाटेना. मावशी दुरून बघत होती. मला म्हणाली, "इचार तिले, तिचं कोन मेलं."
विचारलं. भाऊ. लढाईत, कुठल्याशा जंगलात, मृतदेह मिळालाच नाही. रुमाल त्याचा.
मावशीला सांगितलं. ती उठली, विळा आणला, रुमालाला चीर पाडून दिली.
"बांध म्हना."
हेलन बांधून रडली. जिपेनं हॉर्न वाजवला तशी सॉरी सॉरी करत पळाली. तिच्यावरही मला राग आला. सगळ्यांवर एकसारखं चिडून राहायचं होतं, तिनं तेवढंही राहू दिलं नाही.

मावशीला म्हटलं, मग तूही बांध ना. घरी धोतर उरलं असेल.
"किनार उरली हाये. तेवढीच." आणि मग, "ते बी काढलं कोनी, तं मंग काय राह्यते माह्यापाशी?"

२ एप्रिल, पाडवा
गुढी उभारली. यांनी नवा सदरा घातला. मला गुढीवरच्या नव्या कापडाकडे बघवेना, उगाच.
व. सहकुटुंब जेवायला. पचमढीला सगळे कसे खूश होते ते सांगत होता. मार्टिन म्हणाला म्हणे, सेवेनंच थराराला अर्थ आला. श्रीखंडाची वाटी त्याच्या डोक्यावर उपडी करावी असं वाटलं. जाऊबाई समोर होत्या.
हे नंतर म्हणाले, "तू फार मनाला लावून घेतेस. चिंध्याच ना शेवटी?"
रात्री माझं अंथरूण माजघरात टाकलं.

१५ एप्रिल, रवि.
आंबाटोला. एसटीनं गेले, व.ची जीप नको.
मोह संपला. तरणी पोरं थोडी आत गेली होती शेवटी, आपापल्या सदऱ्याची चिंधी बांधून. पोटापुढे किती दिवस. म्हाताऱ्या माणसांपैकी कोणी गेलं नाही. व.च्या रंगीत पट्ट्या उन्हानं विटल्यात, पण शिलाई पक्की आहे, एक सुटली नाही. कोणी काढतही नाही. हात कोण लावणार.

मावशीची टोपली आढ्याला टांगलेली. यंदा ती गेलीच नाही. पहिल्यांदा. वर्षभर काय करणार विचारलं तर म्हणे, "पाहू." नागपूरला चल म्हटलं तर, "तिथी काय करू वं? तुह्या पंख्याखाली बसू?"

गावातल्या बायका पाणी भरताना माझ्याशी बोलल्या. पण आधी "सुमे" म्हणायच्या, आता "बाई" म्हणतात.

निघताना मावशीनं पेटीतून पुडी काढली. धोतराची किनार. हळदीच्या रंगाची, वीतभर.
"तू ने."
म्हटलं, मावशी, नाही.
"तुह्या भरवशावर आले ना ते? मंग हे तुह्यापाशी ठेव. पुढच्या वर्साले झाड राह्यते असं वाटलं तं तूच आनजो, म्या बांधीन. नाही वाटलं तं नोको आनू."

एसटीत पर्स छातीशी धरून बसले. मला तिचा राग आला. एवढं अवघड माझ्यावर टाकलं. आणि टाकणार तरी कोणावर.

२४ जून, रवि.
किनार माझ्या लुगड्यांच्या घडीत, कपाटात वरती. रोज एकदा हात लावून बघते.

व. आत्ता आला. नवं छापील पत्रक घेऊन, अजून शाईचा वास. वर झाडाचा रंगीत फोटो. नव्या पट्ट्यांसकट, खाली हसणारा मार्टिन. 'गावकऱ्यांसोबत पवित्र वृक्षाचं पुनरुज्जीवन' की असंच काहीसं इंग्रजीत. येत्या फेब्रुवारीत दुसरी तुकडी, मोठी, मार्चपर्यंत मुक्काम. झाड आता कार्यक्रमातच घातलंय. प्रत्येक पाहुणा एक पट्टी बांधणार, जुन्या काढून.

म्हणाला, "वहिनी, तुम्ही नाही म्हणालात तर माझी अडचण नाही हं. दुसरी बाई बघून ठेवलीय. मुंबईची आहे, इंग्रजी फर्डं. गावाची माहिती नाही, पण तेवढं चालतं."

म्हणजे मी नसले तर तिथे नको म्हणायलाही कोणी नाही. आणि मी असले तर पुन्हा माझ्याच भरवशावर.

चहा ठेवायला म्हणून आत आले ती इकडे कपाटाशी. किनार हातात आहे. चहा उतू गेल्याचा वास येतोय. बाहेरून व. हाक मारतोय, "वहिनी, काय ठरलं?"