लिंबाखालची जागा

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

मंजूनं घर घेतलं! ग्रीस देशात. दोन खोल्या अन् पुढं गच्ची. जावई संगमेश्वर तिथं जहाजांच्या कंपनीत होते. कोरोनात गेले, तिथंच माती झाली. त्यांच्या नोकरीवर मिळालेला राहायचा परवाना संपत आला. मला वाटलं, आता तरी लेक घरी येईल. तर हिनं लातूरचा प्लॉट विकला अन् तिथंच घर घेतलं. घर घेतलं की कार्ड देतात म्हणे, मग खुशाल राहा.

"अव्वा, त्या कार्डात आईचंबी नाव बसतंय. कायमची ये."

बघू म्हटलं. बघायचं काय त्यात! ह्यांची समाधी शेतात, लिंबाखाली. शेजारी माझी जागा, मीच दगड रोवून ठेवलाय. बारा वर्षं झाली. ती सोडून कुठं जाऊ?

११ फेब्रुवारी

शेजारची लक्ष्मम्मा दारातूनच, "लेकीच्या घरी पाणी पीत न्हाईत, तू तर ऱ्हायलाच निघालीस की गं!"

निघालेच न्हाई, म्हटलं. तरी बांधाशेजारचा शेषेराव आलाच विचारायला. "काकू, शेत इकायचं असंल तर आधी मला सांगा."

"इक‍लं तरी लिंबाखालची जागा सोडून इकीन."

"तेवढ्यात तुम्ही दोघंच मावाल!"

"दोघंच मावायचे हाव, बाबा."

२ मार्च

मंजूचं मन राखायला पासपोर्टचा अर्ज केला. अर्ज केला म्हणजे निघाले असं न्हाई. चौकशीला पोलीस आला. "आजी, काही गुन्हा?" म्हटलं, चाळीस वर्षं संसार केला, तेवढाच. हसला. सही मी मराठीत केली, मंजूच्या पाटीवर शिकलेली.

१४ मार्च

आज लेकीला सहज विचारलं, तिकडं मला मरण आलं तर? जावयाशेजारी बसवून माती देतील का? आमच्या लिंगायतांत बसवून देतात, तळहातावर लिंग ठेवून.



मंजू म्हणाली, "अव्वा, त्यांना बसवलं न्हाई. पेटीत आडवंच ठेवलं. तुला खोटं सांगितलं होतं."

तीन वर्षं लेकरानं हे एकटीनं पोटात ठेवलं!

पुढं म्हणाली, तिथं गावात जमीन कमी. पुरायची जागा तीनच वर्षं मिळते. मग हाडं काढतात, धुतात, डब्यात घालून एका खोलीत फळीवर ठेवतात. घरच्यानं समोर उभं राहायचं असतं. मे महिन्यात त्यांची तीन वर्षं भरतात.

"त्यांच्याजवळ राहावं म्हणून घर घेतलं अव्वा. मला कायमचं राहायला मिळालं, अन् त्यांनाच तिथनं उठवायलेत. मी एकटी कशी उभी राहू?"

मी म्हटलं, रडू नको. अन् मीच...

१५ मार्च

आम्ही सगळे मंजूला म्हणत होतो, नवरा गेला तरी परदेशाचा सोस सुटत न्हाई. मीपण म्हणत होते. जीभ झडावी.

१७ मार्च

शिवलिंग स्वामींच्या मठात गेले. विचारलं, नुसती हाडं आणली तर विधी होतो का?

"होतो की. माती आपली हाय. पण जावयाची माती सासुरवाडीत? त्यांच्या घरचे?"

म्हटलं, आई-बाप कधीच गेले. भाऊबंदांनी फोनसुद्धा केला न्हाई.

स्वामी म्हणाले, "जागा हाय का शरणम्मा?"

हाय, म्हटलं.

२० एप्रिल

पासपोर्ट आला. सकाळी शेतात जाऊन माझा दगड उपटला. लई खोल गेला होता, शेषेरावनं हात लावला.

तिथूनच मंजूला फोन केला. "मे महिन्यात मी येते. तुझ्याशेजारी उभी राहते. त्यांना दोघी मिळून इथं आणू, तुझ्या बापाशेजारी ठेवू. अन् परत जाताना मी तुझ्यासंगं. कार्डावर माझं नाव घाल."