दुसऱ्या भागातला लोहार

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबतच्या खोक्यात आपला व्हिडिओ गेमचा जुना कन्सोल आहे आणि आपल्या त्या लढायांच्या गेमचा दुसरा भाग. पहिला भाग आपण सुट्टीभर खेळलो होतो. तेच ते जंगल तुडवायचं, आणि आईने जेवायला हाक मारली की सगळं पाण्यात, कारण धर्मशाळा गाठल्याशिवाय गेम सेव्ह व्हायचा नाही. या भागात त्यांना शहाणपण सुचलंय. कुठेही थांबता येतं. गेममधले सोबतीही मुकाट चालत नाहीत, वाटेत एकमेकांची उणीदुणी काढतात. अगदी आपल्यासारखे.

भाऊजी बसल्या जागी गेले तेव्हापासून फोनवर तू 'हं'च्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्र. ही म्हणते, ताईंना इकडेच आणा. मागची खोली रिकामी केली आहे. महिनाअखेरीस टेम्पो घेऊन येतो. तुझ्या सासूबाई त्यांच्या लेकीकडे जातील, तसं मी तुझ्या नणंदेशी बोललोय.

माया आहेच, थोडी उत्तरातही दिसू दे.

तुझा
बारक्या

१५ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

मला न विचारता तू नणंदेशी बोललास, याचा राग यायला हवा होता. आला नाही. दातांच्या लॅबमध्ये जाते, मेणाचे दात कोरते, घरी येते. दात काढताना इंजेक्शन दिलं की ओठ आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालंय. लोक म्हणतात, रडून घे. रडू काही नळाला येत नाही, तोटी फिरवली की.

सासूबाईंचंही तेच. घरात दोघी, पण शब्दाला महाग. त्या खिडकीपाशी, मी टेबलापाशी.

खोकं पायात येत होतं म्हणून उघडलं, आणि उघडलं म्हणून गेम लावला. खरंच सुधारलाय. माझ्यासोबत एक लोहार आहे आणि एक तिरसट वैद्यीण. गंमत वाटते असं म्हणणार नाही, पण हात चालतात. काल सासूबाई मागून म्हणाल्या की त्या लोहाराला पुढे कशाला घालतेस, लंगडतोय दिसत नाही का. इतकं लांब वाक्य त्या कितीतरी दिवसांनी बोलल्या.

टेम्पोचं तूच ठरव. मला कुठेही सारखंच.

लोभ वाढव म्हणत नाही, आहे तेवढा पुरतो.

ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टेम्पो महिनाअखेरीस मिळेना, मार्चच्या पहिल्या रविवारचा ठरवला. दुसरा कंट्रोलर टाकायचा राहिला होता, तो पाठवतोय. या भागात लढाईच्या वेळी दुसऱ्यालाही खेळता येतं. पहिल्या भागात मी नुसता शेजारी बसून तुझ्या चुका काढायचो.

आज लिफ्ट दुरुस्त करताना मीच तिच्यात अडकलो. अख्खी बिल्डिंग हसली. तूही हसावंस म्हणून लिहिलं.

सांभाळून राहा, आणि आमची आठवण असू दे.

बारक्या

२६ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

कंट्रोलर पोचला. सासूबाई त्याला रिमोट म्हणतात. लोहार त्यांनी घेतला, आणि बराच वेळ भिंतीवरच घण घालत बसल्या.

काल घाटातल्या लढाईत लोहार पडला. त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि विचारलं, हा गेला का. मी सांगितलं, पहिल्या भागात पडलेला सोबती कायमचा जायचा. यात तसं नाही, लढाई संपली की वैद्यीण त्याला उठवते. त्या म्हणाल्या, मग संपव. मी संपवली. लोहार उठला, कपडे झटकले, आणि एवढा उशीर का म्हणून वैद्यिणीवर खेकसला. सासूबाई हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या. हे गेल्यापासून पहिल्यांदा.

मला रडू आलं नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम लागली, एवढं मात्र कळलं.

डोळे पुसून त्या म्हणाल्या की लेकीकडे जायचं त्यांच्या मनात नाही, पण माझ्या वाटेतही त्या येणार नाहीत. मी म्हटलं, मीही जात नाहीये. तसं काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं तेव्हा मलाही कळलं.

तेव्हा टेम्पोवाल्याला नको म्हणून सांग. तुझ्या बायकोला वाईट वाटेल, तिची समजूत काढ. मागच्या खोलीत आम्ही चार दिवस राहायला येऊ. गाद्या मात्र दोन लागतील, सासूबाई झोपेत लाथा मारतात असं त्यांनीच सांगितलंय.

लोभ आता दोघींवर ठेव.

तुझी
ताई