उपोषण वारसाहक्काने जात नाही

मी, मन्मथ गुरुलिंग कोरे, वय चव्वेचाळीस, शिक्षण एम.ए. (राज्यशास्त्र, द्वितीय श्रेणी), धंदा झेरॉक्स व टंकलेखन, राहणार हालनूर, सध्या जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली नसताना लिहून ठेवतो. हे दडपणाचे शब्द मी इतरांच्या कागदांत शेकडो वेळा टाइप केले आहेत. आज स्वतःसाठी लिहिताना मान वर करून पाहिले, तर मंडपासमोर निळ्या ड्रमांची रांग थेट पारापर्यंत गेली आहे, आणि प्रत्येक ड्रममागचा माणूस माझी तब्येत न्याहाळतो आहे. तेव्हा दडपण आहे की नाही, हे वाचणाऱ्याने ठरवावे. शुद्धीत मात्र मी आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. त्याखाली त्यांनी "उपोषणाच्या निर्णयाबाबत मत देता येत नाही" असेही लिहिले आहे.

जिल्ह्याआधी "सध्या" लिहिले, कारण मी जन्मलो तेव्हा हे गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होते. मी शाळकरी असताना ते लातूर जिल्ह्यात आले, आणि आमची मागणी मान्य झाली तर उदगीर जिल्ह्यात जाईल. गाव जागचे हललेले नाही. लातूर जिल्हा झाला तेव्हा माझ्या वडिलांनी पेढे वाटले होते. पुढच्याच महिन्यात ते एका दाखल्यासाठी नव्या जिल्ह्याच्या गावी गेले आणि रिकाम्या हाताने परत येऊन म्हणाले, "जिल्हा जवळ आला, पण सायब तेवढाच लांब हाय." हे ऐकूनही मी जिल्हा निर्मिती कृती समितीचा चिटणीस का झालो, याचे उत्तर मला रोजनिशीत बरेच शोधूनही सापडलेले नाही.

मी मंडपात का आहे, ते आधी लिहितो, म्हणजे पुढची कलमे समजतील. समितीची नोटीस मीच टाइप केली. जुन्या एका आंदोलनाची फाइल संगणकात होती, तिच्यात "आमरण उपोषण" असे होते, ते मी तसेच ठेवले. सगळेच ठेवतात. रीत अशी की दोन-तीन दिवस बसायचे, मग तालुक्याहून साहेब येतात, मोसंबीचा रस पाजतात, फोटो निघतो आणि माणूस घरी जाऊन जेवतो. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी असल्याने तालुक्याच्या गावी बसायला परवानगी मिळाली नाही, म्हणून आम्ही पाच जण इथेच ग्रामपंचायतीपुढे बसलो. चौघे संध्याकाळी एका लग्नाला गेले आणि जेवून आल्यामुळे परत बसले नाहीत.

उपोषणस्थळी पिण्याच्या पाण्याची व्यवस्था करावी, असा नियम असावा. मला दिवसाला दोन-तीन लोटे पाणी पुरते. पण कार्यालयाकडे टँकरपेक्षा लहान भांडे नसावे. एरवी आठवड्याने येणारा टँकर माझ्यासाठी रोज येऊ लागला. मी लोटा भरून घेतो, उरलेला टँकर गाव भरून घेते.

नायब तहसीलदार रस घेऊन आले, तेव्हा मी विचारले, "मागणी मान्य झाली का?"

"वर पाठवली आहे."

"मान्य झाल्यावर घेतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे डोळे भरून आले. नंतर लक्षात आले की टाळ्या ज्यांचे ड्रम अजून रिकामे होते त्यांच्याच होत्या. उन्हाने बेजार झालेल्या साहेबांनी तो रस स्वतःच पिऊन टाकला. माझ्या माणसांपैकी टाळी कोणीच वाजवली नाही. माझी आई नागुबाई एवढेच म्हणाली, "तुझा बाप जिल्हा झाला म्हणून पेढे वाटला, तू जिल्हा व्हावा म्हणून उपाशी मरायलास. मी तोंड कुठल्या जिल्ह्यात लपवू, त्ये सांग."

आता मालमत्ता.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व पुढचे पत्र्याचे शेड, पत्नी सिंधु हिला. अट एकच. आईची बाज दाराजवळून हलवू नये. तिथून ती अख्खी गल्ली चालवते.

कलम २. झेरॉक्स मशीन व संगणक हेही सिंधुलाच. कागद अडकला की मी पुस्तिका काढून वाचतो, ती डाव्या बाजूला चापट मारते. मशीन तिचेच ऐकते. आमच्या लग्नाला वीस वर्षे झाली, आणि या काळात घरातले किती निर्णय चर्चेने झाले व किती चापटीने, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण घर चालले.

कलम ३. पोस्टातली शिल्लक मुलगी शिवलीला हिच्या शिक्षणासाठी. तिने नांदेडला जावे की लातूरला, यावर मी तिला दोन वर्षे भाषणे दिली. त्यात लोकशाहीवरही बरेच बोललो. तिला नांदेडला जायचे आहे, हे ती पहिल्याच दिवशी बोलली होती. तिने नांदेडला जावे.

कलम ४. रोजनिश्या आईला. तिला वाचता येत नाही, त्यामुळे त्या सुरक्षित राहतील.

कलम ५. सरपंच शेषेराव यांनी माझ्या फोटोचे दोन फ्लेक्स छापून आणले आहेत. एकावर "अभिनंदन", दुसऱ्यावर "भावपूर्ण श्रद्धांजली". एकदम दोन घेतले तर स्वस्त पडतात, असे त्यांनी मला स्वतःच प्रामाणिकपणे सांगितले. दुसरा फ्लेक्स चांगल्या जाड कापडाचा आहे, तो मशीनवर धूळ बसू नये म्हणून वापरावा. फोटो आतल्या बाजूला ठेवावा, नाहीतर गिऱ्हाईक दचकेल.

कलम ६. शेजारी मडिवाळप्पा यास माझ्यातर्फे काहीही देऊ नये. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो माझ्याविरुद्ध एका मताने निवडून आला. ते मत माझे होते. स्वतःलाच मत देणे मला बरे वाटले नाही. निवडून येताच त्याने माझ्या दारापुढचा सरकारी दिवा आपल्या गोठ्यापुढे नेला. सिंधु आजही अंधारात ठेच लागली की मोठ्याने म्हणते, "तत्त्वाला लागलं गं बाई."

इथवर लिहून झाले होते, तेव्हा दुपारी शेषेराव आणि तोच मडिवाळप्पा मंडपात आले. शेषेराव अत्यंत आदराने बसले.

"मन्मथराव, कागद करायलाव म्हणं. चांगली गोष्ट हाय. त्यात गावाचं बी एक कलम घाला."

"कोणतं?"

"तुमच्या माघारी कोण बसणार, त्ये. टँकर एक दिस जरी चुकला तर पुन्हा आठवड्यावर जातोय बघा."

"वारसाचं नाव लागलेलं असलं की हापिसात वांधा न्हाई," मडिवाळप्पा म्हणाला.

मी म्हणालो की उपोषण ही मालमत्ता नाही, ते वारसाहक्काने जात नाही. तुम्हीच बसा की.

"मला शुगर हाय," शेषेराव म्हणाले.

"मला म्हशी हाईत," मडिवाळप्पा म्हणाला.

दोघांचीही अडचण खरी आहे, हे मी नोंदवून ठेवतो. पाण्याचे त्यांचे म्हणणेही खोटे नाही. पाणी नसेल तर म्हशी राहणार नाहीत, आणि माझ्यानंतर बसायला तेव्हा मडिवाळप्पा मोकळा असेल, पण ते कोणालाच नको आहे.

तेवढ्यात शिवलीला आली. हातात कागद होता. आमच्याच मशीनवर काढलेला आणि समासही माझ्यासारखेच सोडलेले. लिहिले होते की माझे वडील मन्मथ कोरे यांचे उपोषणात काही बरेवाईट झाल्यास दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी त्याच जागी आमरण उपोषणास बसेन. खाली सही.

"शाब्बास! बापाची लेक!" शेषेराव उठून उभेच राहिले आणि फ्लेक्सवाल्याचा नंबर शोधू लागले.

"हे फाड," मी म्हणालो.

"का? सही केलीय मी. सही केली की माणूस बांधला गेला, कोण म्हणतं?"

"तू लहान आहेस."

"मागच्या महिन्यात अठरा झाले. केक तुम्हीच आणलाव."

म्हणजे पालक म्हणून माझी हरकतही चालत नाही. "तुला जिल्हा कशाला पाहिजे?" मी विचारले.

"तुम्हाला कशाला पाहिजे, पप्पा?"

राज्यशास्त्राचा मी पदव्युत्तर विद्यार्थी. प्रशासनाचे विकेंद्रीकरण या विषयावर मला चांगले गुण होते. मी तोंड उघडले आणि लोट्यातले पाणी प्यालो.

ती नुसती धमकी देत नाही, हे मला माहीत आहे. पाचवीत असताना कंपासपेटी हरवली म्हणून तिने "महिनाभर कारले खाईन" असे मला लिहून दिले होते. महिना संपला त्या दिवशी तिने शेवटचे कारले माझ्यासमोर चावून खाल्ले, हात पुढे केला आणि म्हणाली, "कागद द्या." आम्ही वाढवलेले मूल आहे, त्यात खोट नाही.

कलम ७. सबब माझे उपोषण, त्याची जागा, गादी, उशी व त्यापायी येणारा टँकर यांपैकी काहीही माझ्या मुलीकडे वारसाने जाणार नाही.

हे कलम लिहिले आणि पुन्हा वाचले. मृत्युपत्र मी मेल्यावर लागू होते. ती बसणार तीही मी मेल्यावरच. तोवर गावाने तिला हार घातलेला असेल, आणि हा कागद दाखवून तिला उठवायला मी नसेन. सिंधु उठवेल म्हणावे, तर मला उठवताना ती हरलेली आहे. कलम काढून टाकत नाही, पण त्याचा उपयोग नाही.

मी कशासाठी बसलो आहे, हे स्वतःला पुन्हा एकदा विचारले. जिल्ह्यासाठी म्हणावे तर तिने विचारल्यावर मला एक वाक्य सुचले नाही. पाण्यासाठी म्हणावे तर नोटिशीत पाण्याचा उल्लेखच नाही. टाळ्यांसाठी असेल. आणि थोडे यासाठी की आजवर जे जे टाइप केले ते ते दुसऱ्यांचे होते, एकदा तरी आपण लिहिलेले आपण पाळावे. हा विचार मला अजूनही वाईट वाटत नाही. पण त्यापायी ही पोर या गादीवर झोपलेली मला डोळ्यांसमोर दिसते, आणि मग तो विचार पुढे नेता येत नाही.

कलम ८. मी उठतो आहे. साहेबांची वाट पाहत नाही. नोटिशीत जे लिहिले ते मी मागे घेतो. लिहिलेले मागे घेता येते, हे शिवलीलाने आपल्या बापाकडून पाहून घ्यावे. पोस्टातल्या शिल्लकेशिवाय तिला द्यायला माझ्याकडे आज एवढेच आहे.

उद्या टँकर येईल की नाही, मला माहीत नाही. प्रत्येक घराच्या सहीचा पाण्याचा अर्ज मी फुकट टाइप करून देईन व स्वतः घेऊन जाईन. शेषेराव म्हणतात, नुसत्या अर्जाने टँकर येत नसतो. त्यांचे म्हणणे बहुधा बरोबर ठरेल, आणि गाव मला बरेच दिवस शिव्या देईल. रांगेत माझ्या घराचा ड्रम सर्वांत शेवटी ठेवावा.

कलम १ ते ६ मी पुढे जेव्हा केव्हा मरेन तेव्हा लागू होतील. मडिवाळप्पाबद्दलच्या कलमाचा फेरविचार करायला आता वेळ आहे, पण घाई नाही.

साक्षीदारांविषयी खुलासा. ज्याला लाभ आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असा संकेत आहे. माझ्या पडून राहण्यात हालनूरच्या प्रत्येक घराचा लाभ असल्याने गावातला एकही माणूस चालला नाही. म्हणून बाहेरगावचे दोघे घेतले आहेत. त्यांतल्या परिचारिका पार्वतीबाई मघापासून म्हणत आहेत, "दादा, काय करून राहिले तुम्ही? आधी बीपी पाहू द्या ना, कागद काय पळून जातो का?" तेव्हा थांबतो.

हालनूर, दिनांक २ मे २०१६
(सही) मन्मथ गुरुलिंग कोरे

साक्षीदार १. पार्वतीबाई सोनकांबळे, परिचारिका, मूळ गाव हिमायतनगर. वरील इसमाने आम्हा दोघांसमोर सही केली. सहीआधी त्यांनी मुलीच्या हातून ज्वारीचे पातळ आंबील घेतले. भाकरी मी देऊ दिली नाही. त्या वेळी रांगेतून पुष्कळ शिवीगाळ झाली. मुलीने स्वतःच्या उपोषणाचा कागद आमच्यासमोर फाडला, "हळू प्या, पप्पा" म्हणाली आणि दुसरा पेला भरला. बीपी कमी आहे, पण ते शुद्धीत आहेत. (सही)

साक्षीदार २. रामकिशन सटवाजी कातळे, टँकर चालक, रेणापूर. वरील सर्व पाहिले. यांच्या घरचा ड्रम शेवटी होता, तो भरून दिला आणि मग सही केली. (सही)