पाठीमागची चिमूट

३ मार्च

अखेर दवाखान्यात ह्यांना तोल शिकवणाऱ्या यंत्रावर बसवलं! शिडीवरून पडून मणका दुखावला तेव्हापासून छातीखालचं काही कळत नाही. बसायचं तर एक हात गादीवर रोवूनच. घड्याळं दुरुस्त करायला दोन हात लागतात. "एका हातानं नुसती किल्ली देता येते," म्हणतात.

छातीला पट्टा, पट्ट्याला चारी बाजूंनी दोर. पाठीवर चिकट पट्ट्या, त्यातून बारीक करंट — झोपलेल्या नसा जाग्या करायला. यंत्र मुद्दाम कलवतं, आणि अगदी पडायला लागले तरच सावरतं. मी दोनदा धावले. फिजिओबाई हसल्या, "काकू, यंत्राचं काम यंत्राला करू द्या की!"

वापरलेल्या पट्ट्या मागून आणल्या. डब्यांना नावं लावायला होतील. हे म्हणाले, "मलाही एखाद्या डब्याला चिकटवशील."

७ मार्च

घरी सराव. पलंगाच्या कडेला हे, मागे मी. हात उचलले की कलंडतात. आज कलंडायला लागले तसा मी मागून शर्ट चिमटीत धरला. कळलंच नाही ह्यांना! कळणार तरी कसं? "अगं बघ, बसलो! दोन्ही हात वर!" काय तो चेहरा! "देवाची कृपा," म्हटलं.

८ मार्च

पुन्हा चिमूट.

१२ मार्च

ह्यांच्या घड्याळांच्या दुकानाला गिऱ्हाईक आलंय. ह्यांनी भावजींना फोनवर ठणकावलं, "विकायचं नाही. मी बसतोय!" मग भावजींनी मला विचारलं, "वहिनी, खरंच?"

"हो," म्हटलं.

हिशेबाची बेरीज तीनदा चुकली. जपातही मन लागेना.

१४ मार्च

यंत्रावर साफ कोसळले. फिजिओबाई गोंधळल्या. "घरी बसतात म्हणालात, म्हणून मी दोरांचा आधार कमी केला."

घरी आल्यावर हे म्हणाले, "यंत्र बिघडलंय. नाहीतर मी."

१५ मार्च

सांगून टाकलं.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मान भिंतीकडे वळवली. "मला पडूसुद्धा देणार नाहीस का गं?"

फिजिओबाईंना मीच फोन केला. रागावल्या नाहीत. आधार पुन्हा वाढवणार आहेत.

२० मार्च

मला खोलीबाहेर थांबायचा हुकूम! सगळीकडे गाद्या-उशा रचून दिल्या. दार लोटलं. धप्प! मग शिवी. मग "ये, बसव." बसवते, बाहेर येते. पुन्हा धप्प. दाराशी माळ घेऊन बसते, पण नाव देवाचं आणि कान आत. देवा, तूच समजून घे.

२ एप्रिल

यंत्रावर आज दोर बराच वेळ सैल राहिला. फिजिओबाईंनी मला हाक मारून दाखवला. घरी धप्प चालूच.

भावजी आले. गिऱ्हाईक महिनाअखेरपर्यंतच थांबणार. हे म्हणाले, "तोवर माझी हत्यारांची पेटी आणून ठेव." भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्या वेळी काही बोलले नाही.

१९ एप्रिल

खोलीतून किती तरी वेळ आवाज नाही. ना धप्प, ना हाक. राहवेना. न विचारताच आत शिरले, थेट समोर जाऊन उभी राहिले. पलंगाच्या कडेला हे. मांडीवर ताट, डोळ्याला भिंग. एका हातात उघडलेलं घड्याळ, दुसऱ्यात चिमटा.

मान वर न करता म्हणाले, "उजेड अडवतेस. सरक."